निंबाखालची शाळा

“बाई कोण होणार?” मीखलनं विचारलं आणि निंबाखाली एकच गलका झाला. सगळ्यांनाच बाई व्हायचं होतं. विद्यार्थी व्हायला कोणी तयार नव्हतं.

मी मागच्या ओट्यावर पातेल्यात आंबे पिळत बसले होते. मे महिन्यातली दुपार. रस कोपरापर्यंत ओघळला होता आणि माशा हाकायला हात मोकळा नव्हता. मिशन कंपाउंडातली पोरं जेवणं झाली की आमच्या परसात जमायची. परसात मोठा निंब होता, उतरून डुंबता येईल एवढा पाण्याचा हौद होता, आणि मी दुपारची झोपत नसे, त्यामुळे आवाज करू नका म्हणून कोणी ओरडायचं नाही.

तेवढ्यात लुदिया उठली.

माझी लुदिया तेव्हा आठ वर्षांची होती. जानेवारीपासून ती एक शब्दही बोलली नव्हती. पोरांना त्याची सवय झाली होती. लपाछपीत तिच्यावर राज्य आलं की ती टाळ्या वाजवून आकडे मोजायची आणि खेळ पुढे चालायचा. तिनं दोरीवरचा पंचा ओढून पदरासारखा खांद्यावर घेतला आणि निंबाची काटकी हातात धरून पोरांसमोर उभी राहिली.

“मुकी बाई!” कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

ती हसली नाही. तिनं हनुवटी जरा वर केली, खांदा उडवून पदर सारखा केला, नाकावरचा नसलेला चष्मा बोटानं वर ढकलला. हुबेहूब शिरसाठबाई! आमच्या मिशन शाळेच्या मुख्याध्यापिका. चाल तीच, दोन पावलं जाऊन सावकाश मागे वळून बघणं तेच. मला एकदम हसू फुटलं. इतक्या दिवसांनी पोरगी खुलली, असं वाटलं.

मग तिनं बोटानं हन्नाला पुढे बोलावलं. हन्ना शेजारच्या नर्सबाईंची, सगळ्यांत लहान. लुदियानं तिला वाचायची खूण केली. हन्नानं तळहात पुस्तकासारखा डोळ्यांसमोर धरला आणि काहीबाही बडबडायला लागली. लुदियानं नकारार्थी मान हलवली. फ्रॉकच्या खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, जखमेवर लावतात ती. दातानं तुकडा तोडून हन्नाच्या ओठांवर लावला, वरून अंगठ्यानं दाबला. त्याच्यावर दुसरा उभा तुकडा. मग तिला खांद्याला धरून वळवलं, बुंध्याकडे तोंड करून उभं केलं आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन ठेवले. स्वतः बाजूला जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, खोटा डबा उघडून जेवायला बसली.

आता कोणीच हसत नव्हतं.

“असं नाही खेळायचं,” मीखल म्हणाली. ती पाळकांची मुलगी, लुदियाच्याच वर्गातली, एरवी सगळ्यांवर दादागिरी करणारी. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “लुदिया, असं नाही ना खेळायचं. घरी सांगायचं नाही म्हटलंय बाईंनी.”

आंबा माझ्या हातातून पातेल्यात पडला.

*

लुदिया बोलायला लागली तेव्हापासूनच अडखळायची. पहिलं अक्षर धरून बसायचं, दोनदा-तीनदा ढकललं की सुटायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. माझे सासरेही तसेच बोलायचे आणि तरी अख्ख्या मंडळीत त्यांच्यासारखी प्रार्थना कोणाची नसे. जानेवारीत एके दिवशी ती शाळेतून घरी आली ती ओला फ्रॉक घालून, तोंड मिटून. मी विचारलं, तिच्या वडिलांनी विचारलं. ती भिंतीकडे बघत राहिली. शिरसाठबाई म्हणाल्या, “हट्टी आहे. तुम्ही लाडावून ठेवलीय.” नगरच्या डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले. काही दोष सापडला नाही.

शाळेच्या फाटकाशी गेलं की ती माझ्या हाताला अशी लोंबकळायची की माझा खांदा दुखायचा. महिनाभर मी तिला ओढून नेलं. मग एक दिवस फाटकातूनच परत फिरले आणि ठरवलं, आता मी शिकवणार. माझं डी.एड. झालेलं होतं, नोकरी केली नव्हती एवढंच. कंपाउंडात चर्चा झाली. पोरीला घरी बसवली म्हणजे ती वेडीच असणार, असं बायका नळावर बोलायच्या. कोणी मला ऐकू येईल असं बोलायचं, कोणी येणार नाही असं.

पण तो उन्हाळा आमचा होता. पाढे आम्ही चिंचोक्यांवर केले. पाटाला पाणी सुटायचं त्या दिवशी सकाळीच काठावर जाऊन ओल्या वाळूत बोटानं अक्षरं काढायचो, पाय पाण्यात सोडून. आंब्याच्या अढीत हात घालून, वासावरून पिकलेला कोणता आणि कच्चा कोणता ते ती डोळे मिटून ओळखायला शिकली. संध्याकाळी अंगणात सडा मारला की त्या वाफेत आम्ही दोघी चटईवर पडायचो आणि मी देवाचे आभार मानायची. मोठ्यानं मानायची, तिच्या वाटचेही. एवढ्यावर मी सुखी होते. पोरगी बोलत नाही, नको बोलू दे, हसते तर आहे, असं मी मनाला समजावलं होतं.

त्या दुपारी ते सुख संपलं. त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं आणि खोटं कशाला सांगू, त्याचीही एक चव होती.

*

पोरांना मी स्वयंपाकघरात बसवलं, वाट्यांमध्ये रस घातला. मीखल रडत होती. हळूहळू तिनं सगळं सांगितलं.

वाचनाचा तास होता. लुदिया प्रार्थना वाचायला उभी राहिली आणि ‘प्रभू’ या शब्दावर अडकली. बाई म्हणाल्या, देवाच्या नावाचे असे तुकडे करायचे नाहीत. नीट म्हण. ती आणखी अडकली. मग बाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी काढून तिच्या तोंडाला लावली आणि कपाटाकडे तोंड करून उभं केलं. हात मागे. सोडलेस तर बघ. आणि मधल्या सुट्टीत बाई डबा खायला निघून गेल्या.

“तिला सर्दी होती ना, काकू,” मीखल म्हणाली. “तिला श्वास येत नव्हता. ती अशी अशी करत होती.” तिनं मान झटकून दाखवली. “पण तिनं हात सोडले नाहीत. मग तिची शू झाली. मग ती पडली. बाईंनी येऊन पट्टी काढली आणि आम्हाला म्हणाल्या, घरी सांगेल त्याला पण लावीन.”

मी लुदियाकडे पाहिलं. ती रस पीत होती. वाटी दोन्ही हातांनी धरून, शांतपणे, शेवटचा थेंब बोटानं पुसून.

संध्याकाळची वाट न बघता मी तशीच बाईंच्या बंगल्यावर गेले. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. उंच, सडपातळ, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. अर्ध्या कंपाउंडाला त्यांनी अक्षरओळख करून दिलेली. माझ्या नवऱ्यालाही.

“सलाम, अनुपमाबाई. या.”

मी सलाम केला नाही. ऐकलं ते सगळं त्यांच्यासमोर ओतलं. त्यांनी झारी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

“कोणी सांगितलं हे?”

“मुलांनी.”

“मुलांनी,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्याच्या सुट्टीत, खेळता खेळता. बरं. आणि लुदिया काय म्हणते?”

कुंडीतून ओघळलेलं पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं.

“तीस वर्षं शिकवतेय मी. पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. माझ्यावर असा आळ घ्यायचा तर साक्षीदार लागतो. तुमची साक्षीदार तर बोलतच नाही.” आणि त्यांनी झारी पुन्हा उचलली.

तिथून मी वाघचौरे पाळकांकडे गेले. मीखलचं नाव मी घेतलं नाही, तिला मी तसा शब्द दिला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भगिनी, आरोप फार गंभीर आहे. आणि पुरावा काही नाही. तुम्ही प्रार्थना करा. क्षमा करा. सूड घेणं हे आपलं काम नाही, ते त्याच्यावर सोपवायचं असतं.”

“त्याला वेळ कधी मिळेल?” मी विचारलं.

ते दुखावले गेले. मला बरं वाटलं.

माझा नवरा जयवंत मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. घर मिशनचं, पगार मिशनचा. मी सगळं सांगितलं तेव्हा तो खाटेच्या कडेवर बसला. मग म्हणाला, “माझ्या पिशवीतलं पट्टीचं रीळ सारखं हरवायचं. मला वाटायचं, दवाखान्यातच राहतंय.” आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

*

दरवर्षी मेच्या अखेरीस चर्चमध्ये सुट्टीतल्या बायबल शाळेचा समारोप व्हायचा. मुलं गाणी म्हणत, नाटुकली करत, आणि शेवटी खाऊ मिळे. ती शाळाही शिरसाठबाईच चालवायच्या. त्या वर्षी त्याच कार्यक्रमात त्यांचा निरोपसमारंभ होता. नगरहून मिशनचे अध्यक्ष येणार होते, शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं ठरलेलं.

मी आठवडाभर काहीच केलं नाही. मग पिकलेल्या आंब्यांची टोपली घेऊन बाईंच्या बंगल्यावर गेले.

“सलाम, बाई. रागाच्या भरात मी काहीतरी बोलून गेले. पोरं काय, काहीही सांगतात.”

बाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी मान खाली घातली होती. नवऱ्याची नोकरी आठवलेली बाई जशी दिसते तशी मी दिसत असणार.

“आमच्या परसातली मुलं एक छोटं नाटुकलं बसवताहेत,” मी म्हणाले. “तुमच्यासाठी. ‘आमच्या बाई’ म्हणून. तुमची परवानगी असेल तर.”

“लुदिया आहे त्यात?”

“तीच बाई होते. बोलायचं काही नाही तिला. पण तुमची नक्कल अशी करते, बाई, की बघत राहावं.”

त्यांचा चेहरा उजळला. आजही डोळ्यांपुढे आहे तो. कौतुकाची एवढी भूक त्या बाईला असेल असं मला वाटलं नव्हतं. “करू दे की,” त्या म्हणाल्या. “मुलांना आवडतं नकला करायला.” टोपलीतला एक आंबा उचलून त्यांनी हुंगला. “हापूस आहेत का?”

“गावरानच आहेत. पण गोड निघतील,” मी म्हणाले.

घरी परत येताना मी पाटाच्या काठानं आले. पाणी सुटलं होतं. चपला हातात घेऊन पाण्यात उभी राहिले आणि मला एवढा थंडावा वाटला की मी गाणं म्हणायला लागले.

तालीम अशी फार करायची नव्हतीच. पोरांनी खेळायचं तेच खेळायचं होतं. फक्त हन्नाला पट्टी लावून झाली की मीखलनं पुढे येऊन लोकांना सांगायचं, हे खरं घडलंय. मीखलला मी विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, “वाटते. पण बाई आता जाणार आहेत ना?” “हो,” मी म्हणाले. “मग सांगते,” ती म्हणाली.

जयवंतला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला.

“लुदियाला विचारलंस का?”

“बोलत असती तर विचारलं असतं.”

“मान हलवता येते तिला. विचार.”

मी तिला विचारलं. ती अंगणात चिंचोके उडवत बसली होती. सगळ्यांसमोर करशील का, बाई समोर बसलेल्या असतील, अध्यक्षसाहेब असतील, नको असेल तर नको. तिनं चिंचोके गोळा केले, डबीत भरले, डबीचं झाकण लावलं. मग घरात गेली, वडिलांची पिशवी उघडली आणि नवं कोरं रीळ घेऊन आली.

*

समारोप संध्याकाळी पाचला होता. चर्चचे पत्रे अजून तापलेले, पंखे गरम हवा फिरवत होते. पुढच्या ओळीत मधोमध अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला शिरसाठबाई, मोतिया रंगाच्या नव्या साडीत. तबकात घडी केलेली शाल. मी उजव्या भिंतीशी बसले होते, जिथून मला त्यांचा चेहरा दिसेल. ती जागा धरायला मी लवकर आले होते.

गाणी झाली, कृती-गीतं झाली. मग आमच्या पोरांना बोलावलं.

लुदिया पंच्याचा पदर घेऊन वेदीसमोरच्या चौथऱ्यावर आली, खांदा उडवून तिनं तो सारखा केला, नसलेला चष्मा वर ढकलला, आणि सगळं चर्च हसलं. अध्यक्षसुद्धा. तिनं दोन पावलं टाकून मागे वळून पाहिलं तेव्हा तर टाळ्या पडल्या. बाई रुमाल तोंडाला लावून हसत होत्या. अध्यक्षांकडे झुकून काहीतरी म्हणाल्या. बहुधा, हीच ती मुलगी, असं.

लुदियानं हन्नाला पुढे बोलावलं. हन्नानं तळहाताचं पुस्तक धरलं. लुदियानं खिशातून रीळ काढलं.

लोक हसतच होते. फक्त बाई थांबल्या. त्यांचा रुमाल हळूहळू मांडीवर आला. मी बघत होते. त्यासाठीच मी तिथे बसले होते.

दातानं तुकडा तोडून लुदिया हन्नासमोर उभी राहिली. हन्नानं शिकवल्याप्रमाणे ओठ मिटले, डोळेही मिटले. लुदियानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिला हातानं बाजूला केलं. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. मी जागेवरून अर्धी उठले. लुदिया चौथऱ्याच्या पायऱ्या उतरून खाली आली आणि सरळ शिरसाठबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“काय गं?” बाई अगदी हळू म्हणाल्या. “जा. वर जा. खेळ तुझा.”

लुदियानं पट्टी त्यांच्या ओठांवर लावली. घाई केली नाही. एक टोक, मग दुसरं, आणि वरून अंगठ्यानं दाबली.

बाईंना तिचा हात झटकता आला असता. एवढीशी पोरगी. पण अध्यक्ष बघत होते, सगळी मंडळी बघत होती, आणि झटकावा तर का झटकला ते सांगावं लागलं असतं. त्या तशाच बसून राहिल्या. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

लुदियानं त्यांच्या मांडीवरचं उपासनेचं पुस्तक उचललं, उघडून त्यांच्यासमोर धरलं.

“व... व... वाचा,” ती म्हणाली.

जानेवारीनंतरचा पहिला शब्द. माझ्या शेजारी जयवंतनं असा आवाज काढला की मागच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला बाईंचा चेहरा स्पष्ट दिसायला हवा होता.

“व... वाचा ना, बाई.”

चौथऱ्यावरून मीखल बोलली. तिला पुढे यायचं होतं, पण ती जागची हलली नाही, आहे तिथूनच म्हणाली, “लुदियाला बाईंनी असंच केलं होतं. तिला सर्दी होती.” मग तिनं वडिलांकडे पाहिलं. “मला पण केलं होतं. दोनदा.”

वाघचौरे पाळक उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले.

“मला पण,” एक मुलगा म्हणाला. मागून कोणीतरी, आता चांगली मोठी, कॉलेजात जाणारी मुलगी उठून उभी राहिली. नुसती उभी राहिली. मग आणखी एक. बायका आपापल्या पोरांकडे वळल्या, काय रे, काय म्हणतोस, कधी, आणि चर्चभर एक गुणगुण उठली. आग्यामोहोळ उठताना येतो तसा आवाज.

बाई उठल्या. बाकांच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत चालत गेल्या. ताठ मानेनं, पट्टी तशीच ठेवून. दाराबाहेर गेल्यावर त्यांनी हात तोंडाकडे नेलेला मी पाहिला. शाल तबकातच राहिली.

माझं समाधान झालं का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते, नाही. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या माझ्यासमोर का रडल्या नाहीत, ते मला कितीतरी दिवस खुपत होतं.

*

मिशनच्या कमिटीनं चौकशी वगैरे केली, अहवालाची भाषा गुळमुळीत ठेवली आणि बाई मानपत्राशिवाय निवृत्त झाल्या. पाळक आमच्या घरी आले, जयवंतचे हात धरून क्षमा मागितली. मला म्हणाले, “भगिनी, मी तुमचं ऐकायला हवं होतं.” मी म्हणाले, “हो.” आणि चहा ठेवला.

चौकशी चालू असतानाच, जूनच्या सुरुवातीला, पाऊस अजून लांबच होता, ऐन दुपारी शिरसाठबाई आमच्या फाटकाशी आल्या. डोक्यावर काळी छत्री. उन्हातून चालत आल्यामुळे चेहरा लाल झाला होता. मी दारात उभी राहिले, चौकट अडवून.

“पाणी मिळेल का, अनुपमाबाई?”

“नाही,” मी म्हणाले.

आमच्याकडे उन्हाळ्यात भिकाऱ्यालाही पाणी नाही म्हणत नाहीत. त्यांना ते कळलं. त्यांनी मान हलवली.

“मला लुदियाशी बोलायचंय.”

“ती बोलत नाही. तुम्हीच म्हणाला होतात.”

“अनुपमाबाई, थोडा वेळ. तुमच्यासमोर नाही. तिच्याशी.”

“माझ्यासमोर नाही, आणि माझ्यामागेही नाही. चालू लागा.”

माझ्या हाताखालून काहीतरी सरकलं. लुदिया होती. अनवाणी, केस विंचरायचे राहिलेले. मी तिचा दंड धरला. तिनं माझ्याकडे वर पाहिलं आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. रागानं नव्हे. चिंचेच्या शेंगेतून चिंचोके काढावेत तशी, काळजीपूर्वक. मग अंगणातून गेली, आणि त्या दोघी रस्त्यापलीकडच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसल्या. एकाच छत्रीखाली.

मी दारातून बघत राहिले. ऐकू काहीच येत नव्हतं. बाईंचे हात बोलताना हलत होते. मध्येच बराच वेळ त्या खाली बघत राहिल्या. लुदिया एकदा काहीतरी म्हणाली, बरंच काही असावं, कारण तिचे ओठ खूप वेळ झटापट करत होते, आणि बाई थांबून राहिल्या होत्या. मग त्यांनी छत्री तिच्या हातात दिली आणि डोळ्यांना पदर लावला. त्या रडल्या. मला हवं होतं तेच झालं, आणि ते मला रस्त्यापलीकडून, पाठमोरं, छत्रीच्या आडून बघावं लागलं.

लुदिया परत आली.

“काय म्हणाल्या?”

ती हौदाकडे गेली, पाय धुतले.

“लुदिया, काय म्हणाल्या त्या?”

“क... काही नाही, आई,” ती म्हणाली, आणि निंबाखाली खेळायला गेली.

*

नंतर ती बोलायला लागली. रोज थोडं थोडं, अडखळतच. आणखी दोन वर्षं मी तिला घरी शिकवलं. पाटावर, अढीपाशी, निंबाखाली. आता ती औरंगाबादला वकिली करते. अजूनही पहिल्या अक्षरावर अडते. न्यायाधीशांना तिच्या वाक्यासाठी थांबावं लागतं, आणि ते थांबतात.

शिरसाठबाई परवाच्या मेमध्ये गेल्या. बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या, भाचीकडे असायच्या. लुदिया मातीला येण्यासाठी पहाटेच्या गाडीनं निघाली. घरी येऊन तिनं अंघोळ केली, पांढरी साडी नेसली. ती निऱ्या काढत असताना मी विचारलं. इतक्या वर्षांत कितव्यांदा तरी.

“त्या दिवशी मोरीवर काय म्हणाल्या होत्या तुला? आता तरी सांग. आता तर त्या गेल्या.”

तिनं निऱ्या खोचल्या, पदर घेतला. मग माझ्याजवळ येऊन माझ्या गालाला हात लावला.

“नाही सांगत, आई.”

“का? मी तुझी आई आहे. तुझ्यासाठी मी...”

“म... माहीत आहे. म्हणूनच.” ती हसली. “तुला सांगितलं तर तू ते व... वापरशील.”

“कोणाविरुद्ध? बाई मेली!”

“तरी वापरशील,” ती म्हणाली. “येतेस?”

“नाही.”

तिनं आग्रह केला नाही. फाटक लावल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं चर्चची घंटा वाजायला लागली, मयतीला वाजवतात तशी, एकेक ठोका थांबून थांबून.

भिजवलेल्या गव्हाचा चीक तयार होता. मी तो शिजवायला ठेवला, हिंग-मीठ घातलं, हाटून हाटून घट्ट केला. सोऱ्या घेऊन गच्चीवर गेले. ऊन कडक होतं. खाली रस्त्यानं मयत चालली होती. पुढे पाळक, मागे मंडळी, आणि मंडळीत माझी मुलगी, मोकळ्या डोक्यानं, छत्री न घेता. मी वाकून बघितलं आणि पुन्हा सोऱ्या हातात घेतला. पांढऱ्या धोतरावर एकेक कुरडई घालत गेले. घंटा थांबली तरी घालत होते. त्या दिवसासारख्या पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या कुरडया माझ्या हातून पूर्वी कधी झाल्या नव्हत्या.